भात्याचा दम : कार्निव्हल ऑर्गन आणि डबस्टेपच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

नवा प्रोजेक्ट उघडला. लय १४० बीपीएम (मिनिटाला १४० मात्रा), फाइलचं तात्पुरतं नाव ‘दांडा’, ऑर्गन फिरवायच्या दांड्यावरून. मेरी-गो-राउंडवर वाजतो तसा ऑर्गन आणि त्याच्या पोटात डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा खर्ज, असा चारेक मिनिटांचा ट्रॅक करायचा आहे. अंगावर काटा आणणारा. त्यासाठी काय वापरायचं नाही हे आधीच लिहून ठेवते: विदूषकाचं हसू, लहान मुलाचं खिदळणं, करकरणारं दार, उलट वाजवलेली कुजबुज. हे सगळं सँपल पॅकमध्ये ढिगाने मिळतं आणि दुसऱ्यांदा ऐकलं की त्यात काही उरत नाही. भीती वाद्यातूनच यायला हवी.

डबस्टेपही मला जुन्या वळणाचा हवाय. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात आकाराला आला तो. लय १४०ची, पण स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) फक्त तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे कानाला ती ७० वाटते. दोन ठोक्यांमध्ये भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत खर्ज. २०१०च्या आसपास अमेरिकेत लोकप्रिय झालेला कर्कश, ओरडणारा प्रकार इथे चालणार नाही. तो जागाच शिल्लक ठेवत नाही, आणि ऑर्गनला जागा लागणार आहे.

पट्टी एफ. सबचा, म्हणजे अगदी तळच्या खर्जाचा, एफ ४३.६५ हर्ट्झला येतो. त्याखालचा डी घेतला तर ३६.७ हर्ट्झ. तो बऱ्याच स्पीकरांतून नुसती हवा हलवतो, सूर म्हणून कळत नाही.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस ऑर्गन समजून घेण्यात गेला. जुन्या कार्निव्हल ऑर्गनमध्ये आधी खिळे ठोकलेला लाकडी सिलिंडर असायचा. धून बदलायची तर सिलिंडर बदलायचा. पॅरिसच्या गाव्हिओली कंपनीने १८९२ मध्ये भोकं पाडलेल्या, घडीच्या पुठ्ठ्यावर वाजणाऱ्या ऑर्गनचं पेटंट घेतलं आणि मग धून हवी तेवढी लांब करता येऊ लागली. नळ्या, ढोल, झांजा, घंट्या, सगळं एकाच यंत्रात. वाफेच्या शिट्ट्यांची कॅलिओपी याहून जुनी, १८५५ सालच्या अमेरिकन पेटंटची. वाफेच्या तापमानाबरोबर तिचे सूर हलतात, त्यामुळे ती कधीच नीट सुरात नसते. मला दोन्हींतून काहीतरी हवंय, पण कणा ऑर्गनचा.

तयार रेकॉर्डिंग घ्यायचं नाही असं ठरलं. धून जुनी असली तरी रेकॉर्डिंगचे हक्क कुणाचे तरी असतातच. शिवाय रेकॉर्डिंगमधली प्रत्येक नळी मला वेगळी हलवता येणार नाही. सिंथवर (आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) एकेक आवाज स्वतः बांधणार: बासरीसारख्या नळ्यांचे दोन संच, एक रीडचा आवाज, एक घंटा.

सर्कस म्हटलं की जगभर जी धून आठवते ती मुळात सैनिकी मार्च आहे, यूलियस फुचिकचा, १८९७ सालचा. १९०१ मध्ये लुई-फिलिप लॉरेंदो या कॅनडातल्या संगीतकाराने छोट्या बँडसाठी त्याची मांडणी केली आणि ती सर्कशीत रुळली. तिचा एक तुकडा घ्यावा असं वाटलं होतं. घेऊन बघितला आणि काढून टाकला. ती ऐकली की चेहऱ्यावर आपोआप हसू येतं. तिच्यातली एकच गोष्ट ठेवते: अर्ध्या-अर्ध्या सुरांनी खाली घसरणारी ओळ.

९ फेब्रुवारी

मुख्य अडचण. कार्निव्हलची धून वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांची. डबस्टेप चारांचा. वॉल्ट्झ ओढूनताणून चारात बसवला तर त्याची गिरकीच जाते, आणि ड्रम तीनात नेले तर तो डबस्टेप राहत नाही. कागद घेऊन बसले.

१४०च्या लयीत एक मात्रा ४२८.६ मिलिसेकंदांची, चार मात्रांचं आवर्तन १.७१४ सेकंदांचं. आता ऑर्गनच्या तीन मात्रा कुठे कुठे बसतात ते बघू.

अर्ध्या आवर्तनात तीन बसवल्या तर ऑर्गनची लय २१० होते. वेगवान, झुलती, भरात आलेली. एका ड्रम आवर्तनात वॉल्ट्झच्या दोन गिरक्या पुऱ्या होतात.

पूर्ण आवर्तनात तीन बसवल्या तर १०५. पाय ओढत चाललेला, जड वॉल्ट्झ.

आणि ऑर्गनलाही १४० दिली, तर मात्रा जुळतात पण सम जुळत नाही. ड्रमची तीन आवर्तनं म्हणजे ऑर्गनच्या चार गिरक्या, आणि १२ मात्रांनी दोघे समेवर भेटतात. तेवढे ५.१४ सेकंद ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीन नसते.

मग लक्षात आलं की २१०, १४०, १०५ या तीन वेगळ्या युक्त्या म्हणून बघायच्याच नाहीत. एकच दांडा हळूहळू मंद होतोय आणि या त्याच्या वाटेवरच्या तीन खुणा आहेत. ड्रम १४०वर ठाम, ऑर्गन २१०वरून उतरत १०५वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. ट्रॅकचा अख्खा सांगाडाच मिळाला! आरंभ २१०वर, चढण १४०वर, ड्रॉप (चढणीनंतर खर्ज कोसळतो ती जागा) १०५वर. सगळे ड्रॉपकडे वेग वाढवत जातात, माझा ऑर्गन ड्रॉपकडे दमत जाईल.

मधला भाग १६ ऐवजी १२ आवर्तनांचा ठेवला, नाहीतर समेचा हिशोब अर्धवट तुटतो. १६ची सवय असलेल्या कानाला ड्रॉप चार आवर्तनं आधी येऊन धडकेल. ते मला आवडलं.

१४ फेब्रुवारी

वॉल्ट्झचा ठेका ‘उम-पा-पा’. पहिल्या मात्रेवर खालचा सूर, पुढच्या दोनांवर कॉर्ड. आज ऑर्गनमधला ‘उम’ काढून टाकला. नुसतं ‘पा-पा’ राहिलं. आरंभात ते लक्षातही येत नाही, कारण कान पहिली मात्रा स्वतःच भरून घेतो. पण मिनिटभर ऐकलं की काहीतरी खटकायला लागतं. जिन्याची एक पायरी कुणीतरी काढून नेल्यासारखं.

ती जागा ड्रॉपमध्ये सब घेणार. तो १०५च्या पहिल्या मात्रेवर बसला की मिनिटभरापासून रिकामी असलेली जागा एकदम भरते, आणि भरणारा ऑर्गन नसतो, ऑर्गनपेक्षा कितीतरी मोठं काहीतरी असतं. आज संध्याकाळी कच्च्या आवाजांवर हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

१५ फेब्रुवारी

काही नाही. घंटेचा आवाज पाच वेळा बदलला.

१८ फेब्रुवारी

ताईला ऐकवलं. हेडफोन काढत ती म्हणाली, “अगं, हे ऐकताना कुणीतरी दाराआड उभं राहून ‘भो’ करायच्या तयारीत आहे असं वाटतं. तो आहे हे मला आधीच कळलंय, मग भीती कसली?”

बरोबर आहे तिचं. मी धून मायनरमध्ये बांधली होती, प्रत्येक ओळीच्या शेवटी ट्रायटोन (तीन पूर्ण सुरांचं कडवट अंतर), मागे लांबच लांब रिव्हर्ब (घुमारा), मधे डिमिनिश्ड कॉर्ड. सगळीकडे पाट्या लावल्यासारखं: इथे घाबरा, आता इथे घाबरा.

एर्न्स्ट येंट्श या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९०६ मध्ये अस्वस्थ करणाऱ्या भीतीवर एक निबंध लिहिला होता. समोरची वस्तू जिवंत आहे की निर्जीव याचा निवाडा होत नाही तेव्हा ही भीती उगवते, असं त्याचं म्हणणं. कार्निव्हल ऑर्गनला हे तंतोतंत लागू पडतं. वाजवणारं कुणी नाही, तरी वाजतंय, आणि तेही आनंदात. त्या वाद्याला दुःखी धून देऊन मी त्याची सगळी ताकद काढून घेत होते.

रात्री धून पुन्हा लिहिली. एफ मेजर, सरळ, गुणगुणता येईल अशी आठ गिरक्यांची. फुचिककडून घेतलेली घसरण फक्त सहाव्या गिरकीत. रिव्हर्ब जवळजवळ शून्यावर आणला, आवाज अगदी समोर, कोरडा. धून शेवटपर्यंत बदलणार नाही. बिघडेल ते यंत्र.

२१ फेब्रुवारी

यंत्र दमतं म्हणजे नेमकं काय होतं? मी सवयीने टेप-स्टॉप लावला होता: वेग कमी, त्याच प्रमाणात सूर खाली. दोन दिवस तसंच ऐकत होते आणि काहीतरी खोटं वाटत होतं. आज कारण सापडलं. ते टेपचं आणि ग्रामोफोनचं वागणं आहे. म्युझिक बॉक्सची चावी संपत आली की लय मंदावते, सूर हलत नाहीत, कारण पोलादी दात आपल्याच सुरात थरथरतो, त्याला कितीही सावकाश छेडा. ऑर्गनचं याहून वेगळं. हाताने फिरवायच्या ऑर्गनमध्ये एकच दांडा धूनही पुढे सरकवतो आणि भाताही चालवतो. म्हणजे दांडा मंदावला की लय उतरते आणि वाऱ्याचा दाबही उतरतो. दाबावर नळीचा सूर अवलंबून.

घरातच पडताळून बघितलं. शिट्टीसारखी तोंडात धरायची प्लास्टिकची बासरी घेतली, ट्यूनर लावला आणि एकच सूर जोरात फुंकून हळूहळू फुंक कमी करत नेली. आवाज तुटण्याआधी काटा जवळपास ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली गेला होता. मग पेटी काढली. त्याच सुरावर भाता आधी दाबून मारला, मग जेमतेम हवा जाईल इतका हलका. इथे काटा उलटा हलला! हलक्या हवेत रीडचा सूर किंचित वर, पाचेक सेंट. दहा वेळा करून बघितलं. प्रत्येक वेळी तेच. मोकळ्या रीडवर दाब वाढला की सूर थोडा उतरतो, दाब कमी झाला की थोडा चढतो, आणि नळीचं नेमकं उलट.

याचा अर्थ भात्याचा दम सुटला की अख्खा ऑर्गन एकत्र बेसूर होत नाही. तो आतून फाटतो. बासरीच्या नळ्या खाली जातात, रीड आहे तिथेच राहतं किंवा तीळभर वर सरकतं, आणि दोन संच जे आतापर्यंत एक वाद्य होते ते दोन होतात. मी प्लगिनमधून जे शोधत होते ते हवेच्या दाबात होतं.

२३ फेब्रुवारी

‘दांडा’ नावाचा एक मॅक्रो, म्हणजे अनेक गोष्टी एकदम हलवणारी एकच कळ, केला आणि सगळं त्याला बांधलं. १०० म्हणजे भरात, ० म्हणजे बंद. त्याच्याबरोबर लय उतरते, नळ्यांचा सूर ३५ सेंटपर्यंत खाली, रीड ५ सेंट वर, नळ्यांचा वरचा तेजपणा कमी, सुराच्या सुरुवातीची फुसफुस लांब. सूर लागायला वेळ लागतो, हे फार महत्त्वाचं. दाब कमी असला की मोठी नळी बोलायला उशीर करते, म्हणून खालच्या सुरांना ६० मिलिसेकंदांपर्यंत उशीर दिला, वरच्यांना १० ते १५. कॉर्ड वाजतो तेव्हा त्यातले सूर वेगवेगळ्या वेळी पोचतात, जिना चढणाऱ्या दमलेल्या माणसांसारखे.

मॅक्रो हाताने रेकॉर्ड केला, नकाशावर सरळ रेघ काढून नाही. हात थरथरतो, मधेच जोर येतो. तो जोर ठेवला. दमलेलं यंत्र मधेच दोन गिरक्या पूर्वीच्या जोमाने वाजवतं आणि पुन्हा बसतं, ती जागा मला सगळ्यात जास्त घाबरवते.

२८ फेब्रुवारी

वॉबलवर बसले. डबस्टेपचा वॉबल म्हणजे काय तर जाडजूड बासवर लो-पास फिल्टर (वरचे स्वर कापणारा) आणि तो फिल्टर लयीत उघडमीट करणारा एलएफओ, म्हणजे एक मंद लहर. माझा वॉबल ठीक होता, पण ऑर्गनशेजारी ठेवला की दोन वेगळे ट्रॅक एकावर एक वाजल्यासारखे वाटायचे. साइडचेन (एक आवाज आला की दुसरा दबतो), एकच रिव्हर्ब, एकच टेप सॅच्युरेशन (टेपसारखा किंचित भरडपणा), सगळं करून झालं होतं. सांधा दिसतच होता.

ऑर्गनमध्ये आधीपासून एक कंप आहे. नळ्यांचे दोन संच मुद्दाम थोड्या फरकाने लावतात, म्हणजे आवाज लहरतो. ४४० आणि ४४३ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला तीन लाटा. सतारीच्या तारा जुळवताना ऐकू येतात त्याच. हीसुद्धा एक उघडमीटच की! फरक इतकाच की ती लयीत नाही.

मग ती लयीत आणली. १४०च्या लयीत अर्ध्या मात्रेचा वेग सेकंदाला ४.६६७. म्हणजे नळ्यांच्या दोन संचांत ४.६६७ हर्ट्झचा फरक ठेवला, तर ऑर्गन स्वतःच्या बेसूरपणानेच अर्ध्या मात्रेचा वॉबल करेल. ए ४४०वर हा फरक सुमारे १८ सेंट. मात्रेच्या तिसऱ्या भागाचा वॉबल हवा तर ७ हर्ट्झ, सुमारे २७ सेंट.

पहिल्या प्रयत्नात फरक सेंटमध्ये दिला आणि सगळं विस्कटलं. सेंटमधला फरक वरच्या सप्तकात दुप्पट हर्ट्झ होतो, म्हणजे प्रत्येक सुराची लाट वेगळ्या वेगाची. फरक थेट हर्ट्झमध्ये देता येतो अशा सिंथवर सगळे आवाज नव्याने बांधले. दुसरी गोष्ट, दोन्ही ऑसिलेटर (सिंथमध्ये मूळ लहर देणारे भाग) प्रत्येक सुरावर एकाच फेजपासून, म्हणजे लहरीच्या एकाच टप्प्यापासून, सुरू करायचे, नाहीतर लाट मात्रेवर पडत नाही. तिसरी, दोघांची पातळी सारखी हवी, तरच लाट पूर्ण मिटते.

रात्री साडेअकराला ऐकलं. आरंभात ऑर्गन लहरतोय, तसा तर तो नेहमीच लहरतो. चढणीत ती लहर हळूहळू मोठी होते. ड्रॉपमध्ये बास त्याच लाटेवर उघडमीट करतो आणि दोघांतला सांधा सापडत नाही. वॉबल बाहेरून आणलेला वाटतच नाही, तो पहिल्या सुरापासून ऑर्गनमध्ये होता. तीन आठवडे मी दोन संगीतांना जोडायला गोंद शोधत होते, आणि दोघांकडे मुळातच एक गोष्ट सारखी होती. खूप वेळ तशीच बसून राहिले. मग पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं.

३ मार्च

सगळा दिवस वाया. काल उत्साहात तीच युक्ती सबलाही लावली, दोन ऑसिलेटर ४.६६७ हर्ट्झच्या फरकाने. हेडफोनवर झकास वाटलं. मोठ्या स्पीकरवर खर्ज गायब होतो, येतो, पुन्हा गायब. अर्थातच. लाट मिटते तेव्हा सबही मिटतो आणि ठोक्याचा पायाच निघून जातो. शिवाय ४३.६५वर इतका फरक म्हणजे जवळपास पावणेदोन अर्ध्या सुरांचं अंतर, तो सूरच राहत नाही.

सब पुन्हा एकच साइन (साधी शुद्ध लहर), मोनो, स्थिर. वॉबल १०० हर्ट्झच्या वर ठेवायचा. ऑर्गन १२० हर्ट्झखाली कापला. फोनच्या स्पीकरवर सब ऐकूच येत नाही, त्यामुळे त्याच्यावर हलकं सॅच्युरेशन देऊन वरचे स्वरांश उभे केले. मूळ सूर नसला तरी कान तो त्यांच्यावरून ओळखतो.

५ मार्च

ड्रॉपमध्ये नळ्या ३५ सेंट खाली आणि सब मात्र ठाम एफवर, त्यामुळे चिखल होत होता. सबही खाली न्यावा का? नेऊन बघितला. सगळं पुन्हा सुरात आलं आणि भीती संपली. सब एफवर परत नेला. नळ्यांची घसरण ड्रॉपपुरती २० सेंटवर आणली. कडवट राहतं, पण सूर कळतो.

८ मार्च

ड्रॉपआधीची शांतता. इथे सगळे पूर्ण शांतता ठेवतात, मीही तशी ठेवली होती. पण ऑर्गन थांबला तरी भात्यात हवा असते. म्हणून त्या एका आवर्तनात, १.७१४ सेकंदांत, फक्त हवेचा आवाज ठेवला. पेटीचा भाता मायक्रोफोनशेजारी सूर न दाबता ओढला आणि तोच वापरला. चामड्याची हलकी कुरकुर त्यात आपोआप आली. दुसऱ्या मात्रेवर एकाच पट्टीचा ‘टक’, म्हणजे कुणीतरी बोट ठेवलंय पण हवा पोचलेली नाही. मग सब.

स्नेअर कोरडा, २०० हर्ट्झच्या आसपास थोडा भरीव, वर घंटेचा तुटका तुकडा. तिसऱ्या मात्रेवर, जराही इकडेतिकडे नाही. ऑर्गन कोसळतोय म्हणूनच ड्रम हलता कामा नयेत.

११ मार्च

शेपर्ड टोनची चढण टाकून बघितली, १९६४ मध्ये रॉजर शेपर्डने मांडलेली, कायम चढत राहणारी आणि कुठेच न पोचणारी. सुंदर आहे, पण इथे सगळं उतरतंय. काढली.

१३ मार्च

ताईने दुसऱ्यांदा ऐकलं. पहिलं मिनिट ती बोटाने ठेका धरून होती. चढणीत, दोन्ही समा सुटल्या तिथे, बोट थांबलं. ड्रॉपनंतर ती काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “ते मधेच पुन्हा जोरात वाजतं ना, तिथे मला वाटलं त्याला कळलंय.”
“कुणाला?”
“तेच तर माहीत नाही,” ती म्हणाली.

त्या जागेला आता हात लावणार नाही.

१६ मार्च

शेवट राहिला होता. जुन्या ऑर्गनमध्ये कधी झडप अडकते आणि एक नळी कुणी न वाजवता वाजतच राहते. ऑर्गनवाले त्याला सायफर म्हणतात. ड्रम संपल्यावर, दांडा शून्यावर आल्यावर तशी एकच नळी सुरू ठेवली, धुनेच्या सहाव्या गिरकीतला सर्वात वरचा ए. जोडीची नळी नाही, त्यामुळे लाट नाही, कंप नाही. भात्यात उरलेल्या हवेवर ती अकरा सेकंद टिकते, हळूहळू ३५ सेंट उतरते आणि शेवटी सूर सुटून फक्त फुंक राहते.

फेड-आउट लावला नाही. सहा डेसिबलची जागा वर ठेवून २४ बिटमध्ये एक्सपोर्ट केलं. लांबी ४ मिनिटं ९ सेकंद. फाइलचं नाव ‘दांडा’च ठेवलं.